आज्ञावलीचा कंटेनर : बांधणी, वापर आणि कार्यालयाची जबाबदारी

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाची आज्ञावली, म्हणजे नित्याच्या बोलण्यातले सॉफ्टवेअर, एका यंत्रावर बिनबोभाट चालते आणि दुसऱ्या यंत्रावर नेताच हटून बसते, हा अनुभव कार्यालयांना नवा नाही. पुण्यात किंवा नागपुरात बसून एखाद्याने दाखल्यांची नोंद ठेवणारी आज्ञावली तयार करावी, तेथे ती उत्तम चालावी आणि तालुक्याच्या गावी बसविताच पहिल्याच दिवशी ती बंद पडावी! विचारणा केली की उत्तर ठरलेले असते : “माझ्या यंत्रावर तर चालते.” असे म्हणणारा बहुधा खोटे बोलत नसतो.

आज्ञावली कधीच एकटी चालत नाही, हे याचे कारण होय. ती पायथॉन भाषेत लिहिलेली असेल तर त्या भाषेची विशिष्ट आवृत्ती यंत्रावर असावी लागते. तिच्या जोडीला इतरांनी लिहिलेल्या डझनावारी सहायक आज्ञावल्या लागतात, अक्षरांचे फॉन्ट लागतात, माहितीकोशाशी जोडणारा दुवा लागतो. करणाऱ्याच्या यंत्रावर हे सारे दोन-तीन वर्षांत थोडे थोडे जमा झालेले असते आणि त्यातले नेमके काय आवश्यक आहे याची नोंद कोठेही केलेली नसते. नोंद नसणे हेच या दुखण्याचे मूळ आहे. आज्ञावली आणि तिला लागणारा सारा सरंजाम एकत्र बांधून तो गठ्ठा जसाच्या तसा दुसऱ्या यंत्रावर चालविणे, या पद्धतीला संगणकक्षेत्रात कंटेनर म्हणतात. गेल्या दशकभरात ही पद्धत जगभर रूढ झाली असून शासकीय कामांच्या निविदांतही तिचा उल्लेख येऊ लागला आहे. म्हणूनच ती कामे देणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनीही तिचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

हे नाव बंदरावरून आले. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन या मालवाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून ते नेवार्कहून ह्यूस्टनला धाडले. त्याआधी पोती, पिंपे, खोकी एकेक करून चढवावी लागत आणि जहाज गोदीत दिवसेंदिवस अडकून पडे. पुढे या पेट्यांची मापे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. वीस फुटी किंवा चाळीस फुटी पेटीत चहा आहे की यंत्रे आहेत याच्याशी यारीला काही कर्तव्य उरले नाही. न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदराचा कारभार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या व्यवस्थेचे सामर्थ्य सांगावयास नको. मात्र पेटी एकसारखी झाली म्हणून आतला माल चांगला ठरत नाही. पेटी कोणी भरली, यादी बरोबर आहे का आणि किल्ली कोणाकडे आहे, हे प्रश्न बंदरावर सुटलेले नाहीत आणि संगणकातही सुटलेले नाहीत.

आता आतली रचना पाहू. एकाच मोठ्या यंत्रावर अनेक आज्ञावल्या एकमेकींना त्रास न देता चालाव्यात, ही गरज जुनीच आहे. त्यासाठी आयबीएमने १९७२ मध्येच मोठ्या संगणकांवर आभासी यंत्राची सोय बाजारात आणली होती. आभासी यंत्र म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र बंगला. पाया वेगळा, विहीर वेगळी, कुंपण वेगळे. सुरक्षितता चांगली, पण जागा आणि खर्च फार. कंटेनरची रीत गिरगाव-परळच्या चाळीसारखी आहे. पाया एक, जिना एक, पाण्याची टाकी एक, परंतु प्रत्येकाची खोली वेगळी आणि दाराला कडी. येथे पाया म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा. तो सर्व कंटेनरांत सामाईक असतो. त्यामुळे आभासी यंत्र सुरू होण्यास जेथे बहुधा मिनिटाच्या हिशेबाने वेळ लागतो, तेथे कंटेनर एक-दोन सेकंदांत उभा राहतो.

खोल्यांच्या या भिंती एका दिवसात उभ्या राहिल्या नाहीत. १९७९ च्या युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ नावाची आज्ञा आली. तिच्यामुळे एखाद्या आज्ञावलीला यंत्रातला एकच कप्पा म्हणजे सारे जग असे भासविता येऊ लागले. २००० साली फ्रीबीएसडी या प्रणालीत ‘जेल’ आले. लिनक्समध्ये २००२ पासून ‘नेमस्पेस’ या सोयी टप्प्याटप्प्याने दाखल झाल्या. त्यांच्यामुळे आतल्या आज्ञावलीला शेजारच्या आज्ञावल्या, त्यांच्या फायली, त्यांचे जाळ्यातील पत्ते दिसेनासे होतात. पण दिसणे थांबले तरी ओरबाडणे थांबत नाही. एका बिऱ्हाडाने नळ चालूच ठेवला तर टाकी सर्वांचीच रिकामी होते. यावर गूगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी २००६ मध्ये काम सुरू केले आणि त्यातून सिद्ध झालेली ‘सीग्रुप’ ही सोय जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. कोणी किती स्मृती आणि प्रक्रियकाचा किती वेळ वापरावा, याला तिने मीटर आणि मर्यादा लावली.

म्हणजे २०१३ पूर्वीच भिंती आणि मीटर दोन्ही तयार होते. तरीही ते तज्ज्ञांपुरतेच राहिले, कारण वापरण्याची रीत किचकट होती. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे पायथॉनकारांच्या मेळाव्यात काही मिनिटांचे एक प्रात्यक्षिक दिले आणि ‘डॉकर’ जगापुढे आले. डॉकर म्हणजे गोदी कामगार. डॉकरने नवा गाभा लिहिला नाही. त्याने गठ्ठा बांधण्याची, त्याला नाव देण्याची आणि तो पाठविण्याची सोपी रीत दिली. २०१५ मध्ये गठ्ठ्याचे स्वरूप ठरविण्यासाठी उद्योगातील अनेक संस्थांनी मिळून एक सामाईक मंडळ स्थापन केले. त्यामुळे आज एका साधनाने बांधलेला गठ्ठा दुसऱ्या साधनाने चालविता येतो आणि कोणा एका कंपनीच्या दावणीला बांधून घ्यावे लागत नाही.

या गठ्ठ्याला ‘इमेज’ म्हणतात. इमेज ही निश्चल वस्तू असते. ती चालू केली म्हणजे तिचा कंटेनर होतो. एका इमेजमधून दहा कंटेनर उठविता येतात, जसे एका ठशातून दहा छाप निघतात. पण कार्यालयाच्या दृष्टीने इमेजपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे ती बांधण्याची कृती. ही कृती ‘डॉकरफाइल’ नावाच्या साध्या मजकुरात लिहिलेली असते आणि लहान आज्ञावलीसाठी ती पाच-सहा ओळींची सुद्धा असू शकते. पहिली ओळ सांगते की पायथॉनची अमुक आवृत्ती असलेल्या डेबियन लिनक्सच्या पायावर सुरुवात करावी. दुसरी म्हणते, सहायक आज्ञावल्यांची यादी आत ठेवावी. तिसरी म्हणते, त्या यादीबरहुकूम सर्व बसवून घ्यावे. चौथीने मूळ आज्ञावली आत येते. पाचवी सांगते की कंटेनर सुरू होताच कोणती आज्ञा चालवावी.

या ओळींच्या क्रमाला महत्त्व आहे. फायली बदलणाऱ्या प्रत्येक ओळीगणिक इमेजमध्ये एक थर चढतो आणि एखादी ओळ व तिच्या वरचे काही बदलले नसेल तर पुढच्या बांधणीत जुनाच थर वापरला जातो. रोज बदलणारी मूळ आज्ञावली आधी आणि क्वचित बदलणारी यादी नंतर ठेवली, तर एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी सगळा सरंजाम पुन्हा बसवावा लागतो. क्रम उलटा ठेवला तर काही क्षणांत काम होते. ज्या गावी जाळ्याची गती मंद आहे तेथे हा फरक केवळ सोयीचा राहत नाही. पायथॉनची पूर्ण इमेज एक जीबीच्या आसपास भरते, तर अल्पाइन नावाचा अगदी लहान लिनक्स पाया काही मोजक्या एमबींचा असतो. थर पुन्हा वापरले गेले तर बदललेला थरच काय तो उतरवून घ्यावा लागतो. आणि जेथे जाळेच पोहोचत नाही, तेथे इमेजची फाइल करून ती पेन ड्राइव्हवर नेता येते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

डॉकरफाइल वाचता येते, तपासता येते, फाइलला लावता येते. जे ज्ञान पूर्वी एका माणसाच्या डोक्यात आणि त्याच्या यंत्रावर असे, ते येथे कागदावर उतरते. मात्र कृती लिहिली म्हणजे ती कायम साधेलच असे नाही. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक कोठारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या अकरा ओळींची सहायक आज्ञावली तिच्या कर्त्याने काढून घेतली आणि जगभर असंख्य आज्ञावल्यांची बांधणी अडली. ती परत ठेवीपर्यंत काही तास मोठमोठे संघ हात जोडून बसले होते. अशा वेळी ज्याच्याजवळ बांधून झालेली इमेज असते, त्याचे चालू काम थांबत नाही. यास्तव कृती आणि इमेज दोन्ही जवळ असावीत. कृतीत प्रत्येक घटकाची आवृत्ती आकड्यानिशी लिहावी. ‘लेटेस्ट’ असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, पण ते लेबल आज एका इमेजवर तर उद्या दुसऱ्या इमेजवर असते. इमेजला मजकुरावरून काढलेला एक लांब ठसा-क्रमांकही असतो. तो मजकूर बदलल्याशिवाय बदलत नाही आणि भरवसा त्याच्यावरच ठेवावा.

मराठीत कारभार करणाऱ्यांना कंटेनरचे काही खास त्रास होतात. परदेशी पुस्तकांत त्यांचा उल्लेख सहसा सापडत नाही, म्हणून ते येथे सविस्तर सांगितले पाहिजेत. पहिला घड्याळाचा. कंटेनरमधील घड्याळ मुद्दाम सांगितले नाही तर जागतिक प्रमाणवेळ दाखविते आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. १ एप्रिलच्या पहाटे चार वाजता कोणी घरपट्टी ऑनलाइन भरली, तर कंटेनरच्या लेखी ती ३१ मार्चच्या रात्री साडेदहाची ठरते. एका पावतीने आर्थिक वर्ष बदलते! अर्जाच्या अखेरच्या तारखेचा वाद असेल तर याच साडेपाच तासांत कोणाचा तरी हक्क मिळतो किंवा जातो. आज्ञावली करणाऱ्याच्या यंत्रावर भारतीय वेळ असते, म्हणून त्याला ही चूक दिसत नाही. वेळ साठविताना जागतिक ठेवावी आणि दाखविताना व तारीख ठरविताना भारतीय धरावी, ही रीत उत्तम. पण ती आज्ञावलीत मुद्दाम लिहावी लागते आणि अगदी लहान पायांत तर कालविभागांची कोष्टकेही वेगळी बसवावी लागतात.

दुसरा त्रास अक्षरांचा. आकार लहान राहावा म्हणून पायाभूत इमेजमध्ये बहुधा देवनागरी फॉन्ट नसतात. पडद्यावर सर्व ठीक दिसते, कारण तेथे वाचणाऱ्याच्या यंत्रातला फॉन्ट वापरला जातो. दाखल्याची पीडीएफ मात्र कंटेनरच्या आत तयार होते आणि तिच्यात नावाच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. किंवा फॉन्ट असतो, पण जोडाक्षरे जुळविणारी आज्ञावली नसते आणि ‘श्रीकृष्ण’ तुकड्यातुकड्यांनी छापला जातो. तिसरा त्रास अनुक्रमाचा. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो व त्यामागून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ येतात. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे आहे आणि ‘क्ष’ हा ‘क’ च्या पोटात जातो. कंटेनरमध्ये मराठीचे अनुक्रम-नियम नसतील तर शाळेच्या हजेरीपटात क्षीरसागर हे आडनाव काळे आणि कुलकर्णी यांच्या मागून, पण खरे यांच्या आधी येऊन बसते. शिक्षकाला ते तत्काळ खटकेल. आज्ञावली करणाऱ्याला खटकेलच असे नाही. त्यामुळे स्वीकृतीच्या चाचणीस शिक्षक आणि ग्रामसेवक बसलेले बरे.

आता दप्तराविषयी. कंटेनर हा टिकण्यासाठी बनविलेलाच नसतो. नवी आवृत्ती आली की जुना कंटेनर मोडून नवा उभा करतात. जुन्याच्या आत जे लिहिले गेले असेल ते त्याच्याबरोबर जाते. म्हणून माहितीकोश, चढविलेली कागदपत्रे, छायाचित्रे ही कंटेनरच्या बाहेर, ‘व्हॉल्यूम’ नावाच्या स्वतंत्र जागी ठेवावी लागतात. धर्मशाळेच्या खोलीत कोणी दप्तर ठेवून जात नाही, तसेच हे. पण व्हॉल्यूम बाहेर असले म्हणजे त्याची प्रत निघते असे नव्हे. त्याची नियमित प्रत वेगळ्या यंत्रावर, शक्य तर वेगळ्या इमारतीत, काढावी लागते. कंटेनर घेतल्यामुळे हे काम कमी होत नाही, असे स्पष्टपणे सांगणारे विक्रेते थोडे.

याच्या अगदी उलट, जे आत राहू नये ते राहून जाते. एखाद्याने बांधणीच्या एका ओळीत माहितीकोशाचा पासवर्ड असलेली फाइल आत घेतली आणि पुढच्या ओळीत ती पुसली, तर वरच्या थरात ती दिसत नाही, पण खालच्या थरात तशीच असते. इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला ती काढता येते. यासाठी पासवर्ड इमेजमध्ये कधीच न घालता चालविताना बाहेरून द्यावेत.

सुरक्षिततेबाबत एक गैरसमज पसरला आहे. कंटेनर बंद पेटी असल्याने आतील वस्तू सुरक्षित, असा तो आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील ‘लॉगफोरजे’ या नोंदी लिहिणाऱ्या सहायक आज्ञावलीत एक गंभीर दोष उघड झाला. दोषांची तीव्रता मोजण्याच्या प्रचलित मापनात त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. ती आज्ञावली असंख्य इमेजेसच्या आत, कोणाच्या तरी कोणाच्या तरी आधाराने शिरलेली होती. ज्यांच्याकडे आत काय आहे याची यादी होती त्यांनी त्वरित दुरुस्ती केली, इतरांना आधी शोध घ्यावा लागला. अशी घटकसूची ठेवण्याबाबत भारतातील सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि शासकीय कार्यालयांना त्या विशेषेकरून लागू पडतात. बंद पेटीतले धान्य जसे किडते, तशी जुनी इमेजही महिन्यागणिक धोकादायक होत जाते. तिच्यात काही बदलत नाही, बाहेर नवे दोष मात्र कळत जातात. उपाय एकच : ठराविक मुदतीने आवृत्त्यांचे आकडे विचारपूर्वक पुढे सरकवून पुन्हा बांधणी.

चाळीच्या भिंती बंगल्याच्या भिंतींइतक्या जाड नसतात, हेही ध्यानात असावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंटेनर चालविणाऱ्या ‘रनसी’ या मूळ आज्ञावलीतच असा दोष आढळला की आतला दुष्ट कंटेनर बाहेरच्या यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. तो दुरुस्त झाला, परंतु कंटेनर सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवू नये, हा धडा त्याने दिला. आश्चर्य असे की आजही अनेक इमेजेस तशाच चालविल्या जातात. “कोठेही चालतो” ही जाहिरातही मर्यादेनेच घ्यावी. लिनक्सच्या कंटेनरला लिनक्सचा गाभा लागतोच. विंडोजच्या यंत्रावर तो पडद्याआड उभ्या केलेल्या आभासी लिनक्समध्ये चालतो. एका जातीच्या प्रक्रियकासाठी बांधलेली इमेज दुसऱ्या जातीच्या प्रक्रियकावर सरळ चालत नाही.

कंटेनर शेकड्यांनी झाले की त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम लागतो. गूगलने जून २०१४ मध्ये खुला केलेला ‘कुबर्नेटीस’ हा असा मुकादम होय. शब्द ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. त्या वर्षी गूगलने आपण दर आठवड्यास दोन अब्जांहून अधिक कंटेनर सुरू करतो असे सांगितले होते. भारतात बेंगळुरूच्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनने नागरी सेवांसाठी सिद्ध केलेली ‘डिजिट’ ही मुक्त प्रणाली अनेक लहान सेवांची बनलेली असून त्या कंटेनरमध्ये कुबर्नेटीसच्या देखरेखीखाली चालतात. मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रारी यांसारख्या सेवा तीत वेगवेगळ्या हाताळता येतात आणि एकीवर ताण आला तर तिचेच कंटेनर वाढविता येतात. राज्यव्यापी कामास हे योग्यच आहे. परंतु एका शाळेच्या निकालपत्रकासाठी किंवा एका पंचायतीच्या नोंदवहीसाठी कोणी कुबर्नेटीस सुचवीत असेल, तर तो खर्च कशासाठी, असे विचारण्यास संकोच करू नये. तेथे एक यंत्र आणि दोन कंटेनर, एक आज्ञावलीचा व एक माहितीकोशाचा, एवढे पुरते.

राहता राहिला कराराचा प्रश्न. मुदत संपते, कंत्राटदार बदलतो आणि नव्या कंत्राटदाराच्या हाती चालू कंटेनरखेरीज काहीच येत नाही, ही स्थिती येऊ द्यावयाची नसेल तर मागणी आरंभीच करावी लागते. मूळ आज्ञावली, डॉकरफाइल, आवृत्त्यांसह घटकसूची, बांधून झालेली इमेज आणि माहितीकोशाची प्रत परत चढविण्याची लेखी रीत, एवढे सर्व कार्यालयाच्या ताब्यात आणि कार्यालयाच्या नावाच्या खात्यात असावे. कंत्राटदाराच्या खात्यातील इमेज म्हणजे दुसऱ्याच्या कुलपातील दप्तर. अंतिम देयक मंजूर करण्यापूर्वी एक कोरे यंत्र घ्यावे, कंत्राटदाराच्या माणसाला बाजूला बसवावे आणि त्या कागदांवरून कार्यालयातीलच एखाद्या कर्मचाऱ्याने आज्ञावली उभी करून, कालच्या प्रतीतील माहिती चढवून, एक दाखला छापून पाहावा. लहान आज्ञावलीस यासाठी एक दुपार पुरते. दाखल्यावरील तारीख, वेळ आणि नावातील जोडाक्षरे तेव्हाच तपासून घ्यावीत.